पहिला नंबर म्हणजे पुढारीपण नव्हे

वर्गात ज्याचा पहिला नंबर तोच वर्गाचा पुढारी, हा अजब न्याय महाराष्ट्रातील विद्यापीठांत १९९४ च्या कायद्याने सुरू झाला व वीस वर्षांहून अधिक काळ चालला. विद्यार्थी-परिषद होती, पण विद्यार्थ्यांना मत नव्हते! दोन विद्यार्थिनी तर प्राचार्यांनीच नेमावयाच्या. ज्याला साहेबाने नेमले, तो साहेबापुढे तोंड उघडील काय?

याचे कारण असे सांगतात की, १९८९ साली मुंबईत कॉलेज-निवडणुकीच्या धामधुमीत एका विद्यार्थी-पुढाऱ्याचा खून झाला. गोष्ट निंद्य खरीच. परंतु शिक्षा खुन्याला द्यावयाची की मतपेटीला? भावकीत डोकी फुटली म्हणून ग्रामपंचायत कोणी कायमची बंद करीत नाही. आणि गंमत पाहा! त्याच १९८९ साली देशाने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले. देशाचे सरकार निवडण्यास लायक ठरलेला तरुण वर्गाचा प्रतिनिधी निवडण्यास मात्र नालायक!

मार्क मिळविणे निराळे व गाऱ्हाणे मांडणे निराळे. ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट व शिकवणीचा मास्तर, त्याला मार्क पडावयाचेच. पण जो पहाटे दूध घालून एस.टी.ने कॉलेज गाठतो, ज्याची शिष्यवृत्ती रखडली की फी अडते, त्याचे दुःख त्याने निवडलेला माणूसच सांगणार. पूर्वी पुढारीपण जन्माने मिळे, मग ते गुणपत्रिकेने मिळू लागले. सोवळे बदलले, शिवाशीव तीच!

२०१६ च्या कायद्याने निवडणूक पुन्हा कागदावर आली. २०१९ साली वेळापत्रक निघाले आणि तेही पुढे ढकलले गेले. गुंडगिरीची भीती म्हणाल, तर लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच मान्य केल्या आहेत. उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांच्या आत, वर्गातील हजेरी पुरी, गुन्ह्याचा डाग नसावा. लगाम तयार आहे, पण घोडाच तबेल्यात कोंडला आहे!

बोलण्याचा हक्क वरिष्ठांच्या मर्जीवर राहिला म्हणजे काय होते, ते मद्रासेस दिसले. तेथील आय.आय.टी.तील आंबेडकर-पेरियार स्टडी सर्कलची मान्यता २०१५ च्या मे महिन्यात काढून घेण्यात आली. निमित्त काय, तर एक निनावी तक्रार! देशभर ओरड झाली, तेव्हा जूनमध्ये ती परत मिळाली. मेहेरबानीने दिलेले मेहेरबानीनेच काढून घेता येते. मतदारांच्या बळावर उभ्या असलेल्या परिषदेला असे हुसकणे सोपे नाही. आणि आम्ही हेही स्पष्ट सांगतो की, आमच्या मताविरुद्ध बोलणाऱ्या विद्यार्थ्यासही हाच हक्क पाहिजे. आपल्यापुरते स्वातंत्र्य मागणे ही भिक्षुकी आहे.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, तुमच्या कॉलेजात मतपेटी पोहोचली नसेल, तर प्राचार्यांस लेखी एकच प्रश्न विचारा: मतदानाची तारीख कोणती? उत्तर मिळेपर्यंत दारातून हलू नका.