विक्रम एकदाच, फेरी रोज

अटलांटिक सर्वाधिक वेगाने पार करणाऱ्या प्रवासी जहाजाला मिळणारा हेल्स करंडक १९५२ पासून ‘युनायटेड स्टेट्स’ या अमेरिकी जहाजाकडे होता. जून १९९० मध्ये ‘हॉवरस्पीड ग्रेट ब्रिटन’ या ७४ मीटर लांबीच्या कॅटामरानने ३ दिवस ७ तास ५४ मिनिटांत महासागर ओलांडून तो पटकावला. जुना विक्रम मोडला तो अवघ्या पावणेतीन तासांनी. आठ वर्षांनी ‘कॅट-लिंक ५’ने ही वेळ २ दिवस २० तासांवर आणली. ऑस्ट्रेलियात होबार्टला बांधलेल्या या दोन्ही नौकांचे खरे काम मात्र वेगळे होते. एकीला इंग्लिश खाडीत, तर दुसरीला डेन्मार्कमध्ये रोजच्या फेऱ्या करायच्या होत्या. विक्रम झाला तो नवी नौका मालकाकडे पोहोचवताना.

विक्रमाने नाव होते, पण सेवा टिकते ती हिशेबावर. वेग थोडा वाढवला तरी इंधनाचा खर्च त्या प्रमाणापेक्षा बराच जास्त वाढतो. उत्तर समुद्र आणि आयरिश समुद्रातील ‘स्टेना लाइन’च्या महाकाय वेगवान कॅटामरान महागड्या इंधनामुळे २००७ पासून एकेक करून बंद झाल्या.

‘कॅटामरान’ हा शब्द मुळात तमिळ ‘कट्टुमरम’वरून आला, अर्थ, एकत्र बांधलेले ओंडके. त्याच तमिळ किनाऱ्यावरील नागपट्टिनमहून श्रीलंकेतील कांकेसंतुराईपर्यंतची वेगवान प्रवासी नौका ऑक्टोबर २०२३ मध्ये गाजावाजात सुरू झाली आणि ईशान्य मोसमी पावसाच्या तोंडावर काही दिवसांतच थांबली. ती पुन्हा सुरू झाली ऑगस्ट २०२४ मध्ये. मोसमी पाऊस काही अचानक येत नाही. त्याचे वेळापत्रक किनाऱ्यावरच्या प्रत्येक कोळ्याला ठाऊक असते. गुजरातेत २०१७ मध्ये उद्‌घाटन झालेली घोघा–दहेज सेवा दहेजजवळच्या गाळाने अडवली. अखेर २०२० मध्ये घोघा–हजिरा हा पर्यायी मार्ग शोधावा लागला. दोन्ही ठिकाणी नौकेच्या वेगाचा दोष नव्हता. हवामान आणि खाडीची खोली यांचा विचार उद्‌घाटनाच्या तारखेमागे पडला होता.

याउलट कोची वॉटर मेट्रोच्या दुहेरी तळाच्या विजेवर चालणाऱ्या नौका वेगासाठी ओळखल्या जात नाहीत. धक्के, तिकीट आणि वेळापत्रक यांची सांगड घातल्याने त्या बेटांवरच्या लोकांच्या रोजच्या जगण्याचा भाग झाल्या.

म्हणून जलमार्गांवर सार्वजनिक पैसा खर्च करताना सरकारने तीन गोष्टी आधीच जाहीर कराव्यात. वर्षातून किती दिवस नौका चालेल, गाळ काढण्याची जबाबदारी आणि खर्च कोणाचा, आणि प्रत्येक प्रवाशामागे किती अनुदान लागेल. त्यानंतर दरवर्षी रद्द झालेल्या फेऱ्यांचा आकडा लोकांपुढे ठेवावा. बेटावरच्या रुग्णाला किंवा शाळकरी मुलाला नौका किती वेगाने धावली याच्याशी देणेघेणे नसते. उद्या सकाळी ती धक्क्याला लागेल की नाही, एवढेच त्यांना कळायला हवे असते.