‘निम्म्या गावात पाणीटंचाई’: कुलूपबंद घरांचं काय?

समजा, किहीममध्ये सर्वेक्षण आहे : उन्हाळ्यात पाणी पुरतं का? १०० घरं निवडली. प्रगणक मंगळवारी दुपारी मोबाइल अ‍ॅप घेऊन फिरला. ६० घरांनी उत्तर दिलं, ४० दारांना कुलूप. ६० पैकी ३० जण म्हणाले, पुरत नाही. लगेच बातमी : निम्म्या गावात पाणीटंचाई!

थांबा, गणित करून बघू. बंद असलेल्या चाळीसही घरांत पाणी पुरत असेल, तर टंचाई ३० टक्केच. एकालाही पुरत नसेल, तर ७० टक्के. म्हणजे खरा आकडा या दोन टोकांमध्ये कुठेही असू शकतो.

कुलूप कोणाचं?

काही कुलपं मुंबईकरांच्या बंगल्यांची, शनिवारी उघडणारी. काही गावातल्याच कुटुंबांची, जी कामासाठी अलिबागला किंवा मांडव्याहून बोटीने मुंबईला गेलीत. अ‍ॅपमध्ये दोन्हींची नोंद एकच : ‘घर बंद’. पण पाण्याचा अनुभव एकच असेल का? संध्याकाळी किंवा रविवारी पुन्हा जाऊन विचारल्याशिवाय हे कळणार नाही.

जानेवारी २०२४ मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाने महाराष्ट्रभर घरोघरी सर्वेक्षण केलं, तेही अ‍ॅपवरच. मोठ्या शहरांत प्रगणकांना बंद दारं आणि नकार, दोन्ही भेटले. मुदत वाढवावी लागली. २० फेब्रुवारीला विधिमंडळाने मराठा समाजाला १० टक्के आरक्षण देणारं विधेयक मंजूर केलं. इतके मोठे निर्णय अशा आकड्यांवर उभे राहतात.

मग जास्त लोकांना विचारलं तर?

त्याने भागत नाही. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ने सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. २० लाखांहून जास्त परत आल्या, तरी अंदाज साफ चुकला. रूझवेल्ट हरणार म्हटलं होतं, ते दणक्यात जिंकले. यादीत सुखवस्तू लोक जास्त होते, आणि उत्तर पाठवण्याची हौस रूझवेल्टविरोधकांनाच अधिक होती.

फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी बघा

१. किती जणांना विचारलं आणि किती जणांनी उत्तर दिलं?
२. न बोललेले लोक कोण? ते बाकीच्यांपेक्षा वेगळे आहेत का?
३. त्यांच्याकडे पुन्हा, वेगळ्या वेळी कोणी गेलं का?

उत्तरं सापडली नाहीत, तर तो आकडा गावाचा नाही. दुपारी घरी असलेल्यांचा आहे. आणि हो, प्रगणक तुमच्या दारी आला, तर ‘नंतर या’ म्हणताना वेळही सांगा. तुम्ही गप्प राहिलात, तर तुमच्या वाट्याचं उत्तर शेजाऱ्याच्या उत्तरावरून धरलं जाईल.