पाठीतल्या सुईवरचे आळ

‘पाठीत सुई टोचली की जन्माची कंबरदुखी मागे लागते.’ प्रसूतिगृहाबाहेरच्या बाकावर हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की आत कळा देणारी सून कळांची वेदना कमी करणाऱ्या त्या सुईचं, एपिड्युरलचं, नावही काढत नाही. हा आळ खोटा आहे. 2018 साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने 40 चाचण्या आणि सुमारे 11,000 बाळंतिणींचा आढावा घेतला. एपिड्युरलमुळे सिझरचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही, दीर्घकाळची पाठदुखी वाढलेली दिसली नाही, बाळाच्या तब्येतीवर लगेच काही परिणामही दिसला नाही. बाळंतपणानंतर कंबर दुखते ती पुष्कळ जणींची. सुई घेतलेल्यांची आणि न घेतलेल्यांचीही.

आत घडतं ते असं. भूलतज्ज्ञ तिला पाठ गोल करून बसवतात, कमरेच्या दोन मणक्यांमधली जागा बोटाने चाचपतात, आधी कातडी बधिर करतात. मग सुईवाटे बारीक नळी आत सरकवतात. सुई निघते, नळी राहते. त्यातून ब्युपिव्हकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा सौम्य डोस, बरोबर थोडं फेंटानिल हे वेदनाशामक. पंधरा-वीस मिनिटांत पोट आवळलेलं कळतं, पण जीव कासावीस होत नाही.

दोष नाहीत असं मी म्हणणार नाही. रक्तदाब उतरतो, ताप येतो, खाज सुटते. शंभरात एखादीला तीव्र डोकेदुखी होते. जोर देण्याचा काळ थोडा लांबतो. कधी एकच बाजू बधिर होते आणि नळी पुन्हा बसवावी लागते. हे सगळं कळा सुरू होण्याआधीच सांगायला हवं. मग जिला सोसून बाळंत व्हायचं आहे तिने जरूर व्हावं. पण ‘कळा सोसल्याशिवाय आईपण येत नाही’ हे दुसऱ्याने ठरवायचं नसतं.

एक आक्षेप मात्र खरा आहे: तालुक्याच्या रुग्णालयात रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ कुठून आणायचा? एपिड्युरल तिथे आज मिळणार नाही, हे मान्य. पण जागेपुरतं बधिर करणारं लिग्नोकेन आहे. योनीभोवतीच्या भागाची पुडेंडल नस बधिर करणं प्रसूतितज्ज्ञाच्या हातचं काम आहे, आणि टाक्यांआधी जखमेच्या कडेला इंजेक्शन देणं तर रोजचंच. तेही देऊन लगेच सुई चालवली तर उपयोग काय? औषध चढायला दोन-तीन मिनिटं लागतात. डॉक्टर, तेवढं थांबा, आणि पहिला टाका घालण्याआधी तिला विचारा, “बाई, दुखतंय का अजून?”