वसतिगृहातील मुलांच्या हाती रेडिओ यावा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात घरे पडली, तसा बाहेरच्या जगाशी संपर्कही तुटला. घरांविषयी पुष्कळ लिहिले गेले, संपर्काविषयी फारसे नाही. त्या दिवसांत हौशी रेडिओचालक आपली यंत्रे घेऊन भूकंपग्रस्त भागात गेले व निरोपांची ने-आण त्यांनी सांभाळली. यंत्र उघडून पाहण्याची, तार स्वतः जोडण्याची सवय असलेली ही माणसे होती. इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांस हाच तपशील मोलाचा वाटतो.

हौशी रेडिओसाठी परीक्षा व परवाना लागतो. मात्र २००५ साली केंद्र शासनाने ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. फ्रान्समध्ये जन्मलेले 'लोरा' नावाचे तंत्र या पट्ट्यात चालते. त्यात लहरींची वारंवारता एका जागी स्थिर न ठेवता सरकवीत नेतात, म्हणून गोंगाटात बुडालेला क्षीण संकेतही पलीकडचे यंत्र ओळखते. वॉटच्या दहाव्या हिश्शाहून कमी शक्तीत मोकळ्या शिवारात काही किलोमीटरपर्यंत निरोप जातो, आणि एका बॅटरीवर महिनोन्‌महिने काम चालते. आवाज वा चित्र मात्र जात नाही. जातात ते थोडे आकडे.

थोडे आकडे पुरेसे असतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला विहिरीत किती हात पाणी उरले, हा आकडा लहान वाटणार नाही. रात्री-अपरात्री वीज येते तेव्हा मोटार सुरू झाली का, हे पाहण्यासाठी अंधारात, साप-विंचवाच्या वाटेने शेतावर जाणारे बाप आमच्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी आहेत.

पालक विचारतात, दहावीच्या अभ्यासाचे काय? प्रकाशाच्या वेगाला ८६६ मेगाहर्ट्झने भागले की लहरीची लांबी सुमारे ३४.६ सेंटिमीटर येते; तिचा चौथा हिस्सा, म्हणजे साधारण ८.६५ सेंटिमीटर, तार कापली की अँटेना तयार. हा अभ्यासच आहे. (बाजारात ४३३ मेगाहर्ट्झचे सुटे भागही मिळतात, घेताना पाहून घ्यावे. अँटेना न जोडता यंत्र कधीही सुरू करू नये, ते जळू शकते.)

बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणावर भर दिला होता. केवळ कला व कायद्याच्या शिक्षणाने भागणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आम्ही स्वतः कला शाखेचे, तरी हे मान्य करतो. हाताने काम करणाऱ्यांना ज्ञान नाकारायचे आणि ज्ञानवंतांनी हात मळवायचे नाहीत, ही या देशाची जुनी वाटणी सोल्डरिंगच्या मेजावर टिकत नाही.

म्हणून नांदेड-लातूरचे, तसेच पुण्या-मुंबईत व परदेशी स्थिरावलेले आपले माजी विद्यार्थी स्मार्ट बोर्ड आणि प्रवेशद्वाराची कमान देऊ करतात, तेव्हा आमचे मत वेगळे पडते. बोर्ड बिघडला की कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागते. त्याऐवजी दहा सोल्डरिंग गन, चार मल्टिमीटर, काही शे रुपयांना मिळणारे लोराचे सुटे भाग आणि संध्याकाळी दोन तास उघडी राहणारी एक खोली द्यावी. ही खोली आधी मुलींच्या वसतिगृहात व्हावी, आणि अभियंता झालेल्यांनी महिन्यातून एक रविवार तेथे येऊन बसावे.