लेखणीचा तराजू

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या घरांत ठरावीक वाटांची चर्चा होते : सी.ए., अभियांत्रिकी, नाहीतर पेढीची गादी. अशा वेळी एखादी मुलगी ‘मला विज्ञानाविषयी लिहायचे आहे’ असे म्हणाली, तर वडीलधारी मंडळी विचारतात, ‘यात मिळकत किती?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तरही रोखठोक असावे. नुसत्या लेखांच्या मानधनावर आरंभी घर चालत नाही. म्हणून विज्ञानाची पदवी आणि पगाराची नोकरी यांच्या जोडीने लेखन वाढवावे.

या कामाची गरज मात्र आपल्या दारातच आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला. तरी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून प्रतिजैविके का घेऊ नयेत, हे घरोघरी समजावून सांगण्याचे काम अजून उरलेलेच आहे. चाकणच्या कारखान्यात यंत्रावरील सूचना कामगाराला उमगली नाही, तर त्याचा हात जाऊ शकतो. तेथे सोपे व अचूक मराठी लिहिणारा माणूस हवा.

डॉ. जयंत नारळीकर यांचे उदाहरण बोलके आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते प्राध्यापक होते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. नावाचे वजन पारड्यात न टाकता कथेने पहिले पारितोषिक मिळवले. पुढे पुण्याच्या ‘आयुका’चे संस्थापक-संचालक असतानाही त्यांचे लेखन चालू राहिले आणि १९९६ मध्ये विज्ञानप्रसारासाठी त्यांना युनेस्कोचा कलिंग पुरस्कार लाभला.

ज्या मुलांना या वाटेने जायचे आहे, त्यांनी महिन्याला एक लेख लिहावा आणि तो दोनदा तोलून घ्यावा. विषयाच्या प्राध्यापकांनी तो अचूक ठरवावा आणि घरातील आजीला तो समजावा. एक पारडे हलके राहिले, तर लेख पुन्हा लिहावा. भेसळीच्या मालाने पेढीची पत जाते. अर्धवट माहितीने लेखकाची जाते.

पालकांना एकच विनंती. नवे दुकान थाटताना पहिल्याच दिवाळीत आपण नफा मागत नाही. जम बसेपर्यंत धीर धरतो. मुलांच्या लेखणीलाही तेवढा अवधी द्यावा.