किनाऱ्यावरचे पाहुणे

दिवाळी सरते, भाताची झोडणी आटोपते आणि कोकणच्या किनाऱ्यावर तंबू उभे राहू लागतात. अलिबाग-नागावपासून हर्णै, गुहागर आणि थेट मालवण-तारकर्लीपर्यंत सुट्टीच्या दिवशी ही कापडी वस्ती वाढत जाते. हॉटेलचे भाडे न परवडणारा शिक्षक, वर्षाकाठी मोजक्या रजा मिळणारा कारकून आणि वर्गणी काढून निघालेले विद्यार्थी यांना या तंबूंनी समुद्र जवळचा केला, ही गोष्ट स्वागतार्हच म्हटली पाहिजे. प्रवास ही केवळ धनिकांची मिरास राहू नये.

पाहण्यासारखेही या किनाऱ्यावर पुष्कळ आहे. अलिबागेस कान्होजी आंग्रे यांची समाधी आहे. हर्णैसमोर सुवर्णदुर्ग, वाघोटण खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग आणि मालवणच्या समुद्रात शिवछत्रपतींनी १६६४ साली बांधावयास घेतलेला सिंधुदुर्ग उभा आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट केलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत हे तिन्ही जलदुर्ग आहेत. पाठ्यपुस्तकात वाचलेले आरमार खडकावर आदळणाऱ्या लाटा पाहिल्यावरच विद्यार्थ्याला उमगते. तंबूतील दोन रात्री अशा शिक्षणासाठी खर्ची पडल्या, तर त्या सत्कारणी लागल्या असेच म्हणावे लागेल.

परंतु पुळण ही मोकळी, बेवारस जागा आहे, या समजुतीने तेथे जाणाऱ्यांचा मोठा भ्रम होतो. याच वाळूवर रापण ओढली जाते, होड्या चढविल्या जातात आणि मासळी वाळत घातली जाते. शिवाय तंबूंचा हंगाम आणि समुद्री कासवांच्या विणीचा हंगाम एकच आहे. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. सुमारे पन्नास दिवसांनी बाहेर पडणारी पिल्ले क्षितिजावरच्या उजेडाच्या रोखाने समुद्र गाठतात. किनाऱ्यावर झगझगीत दिवे असतील, तर ती उलट दिशेला भरकटतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवांना अभय दिले आहे. परंतु ज्या अंधारासाठी आणि शांततेसाठी शहरवासी येथे येतो, तीच तो दिव्यांच्या माळांनी आणि ध्वनिक्षेपकांनी नाहीशी करणार असेल, तर कायदा एकटा काय करणार?

दुसरा प्रश्न जीविताचा आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर काही काळ हळहळ व्यक्त झाली; पण समुद्राची ओळख करून घेण्याची निकड फारशी कोणाला वाटल्याचे दिसत नाही. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे निघते, हा कोकणातला जुना हिशेब आहे. अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती हे तेथील पोराला ठाऊक असते. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि ओहोटीची ओढ यांविषयी त्याला कोणी सांगावे लागत नाही. सहल नेणाऱ्या शिक्षकाने मात्र ही चौकशी केलेली असतेच असे नाही.

म्हणून तंबूंवर सरसकट बंदी घालणे हा उपाय नव्हे. तसे केल्याने सामान्य माणसाचा समुद्र तेवढा हिरावला जाईल. खरा उपाय म्हणजे किनाऱ्याचा कारभार पाहण्यात गावाला वाटा देणे. तंबू कोठे आणि किती असावेत, दिवे केव्हा मालवावेत, पाण्यात केव्हा उतरू नये, हे ठरविताना ग्रामपंचायत आणि मच्छीमार यांचा शब्द प्रमाण मानावा. आणि तंबूंच्या भाड्यातील काही हिस्सा सफाई व जीवरक्षक यांसाठी राखून ठेवावा. ही कल्पना स्वप्नाळू नाही. मंडणगड तालुक्यातील वेळास गावाने कासवांची घरटी राखली, पिल्ले समुद्राकडे जाताना पाहावयास येणाऱ्यांची घरोघरी राहण्या-जेवणाची सोय केली आणि त्यातून गावाला मिळकतही झाली. तेथे जाणारा पाहुणा गावाचे नियम पाळतो, कारण तो गावाच्या ओटीवर बसून जेवलेला असतो.

तंबूचा मोठा गुण असा, की तो उपटला म्हणजे जागा पूर्ववत होते. पाहुण्याचे वर्तनही तसेच असले पाहिजे. सोमवारी सकाळी पुळणीवर रापण ओढणाऱ्यांच्या पायांत बाटलीची काच घुसणार असेल, तर शनिवारची ती सहल, तिने कितीही सूर्यास्त पाहिलेले असोत, फुकट गेली असे समजावे.