संख्या एक, उत्तरे दोन

एकाला तिनाने भागून उत्तर दशांशात लिहायला घ्या. कितीही ३ लिहिले तरी भागाकार संपत नाही. कोठेतरी थांबावेच लागते. संगणक संख्या द्विमान पद्धतीने, म्हणजे ० आणि १ या दोनच अंकांनी लिहितो. या पद्धतीत आपला साधा ०.१ सुद्धा असाच न संपणारा ठरतो. संगणक तो ठरावीक अंकांवर तोडतो. हा दोष नव्हे. किती अंकांवर तोडायचे याचा नियम १९८५ साली ठरला. नेहमीच्या ‘डबल’ संख्येला ५३ द्विमान अंक मिळाले.

खरा घोटाळा पुढेच आहे. इंटेलच्या १९८० सालच्या ८०८७ या चिपपासून चालत आलेल्या रचनेत आकडेमोड ६४ अंकांच्या रजिस्टरांत होते. उत्तर ‘डबल’ म्हणून स्मृतीत ठेवताना मात्र ते ५३ अंकांवर आणले जाते. म्हणजे संख्या कोठे ठेवली आहे यावर तिची किंमत बदलते! आणि ती कोठे ठेवायची हे कंपायलर ठरवतो. त्यामुळे समान असायला हव्यात अशा दोन संख्या आज्ञावलीला असमान वाटतात. डीबगरने स्मृतीत पाहावे, तर त्या समानच दिसतात. एकच सळई एकदा मीटरपट्टीने आणि एकदा स्क्रू गेजने मोजून ‘लांबी बदलली’ म्हणावे, तसेच हे झाले.

‘सी’ भाषेच्या १९९९ च्या प्रमाणात स्पष्ट म्हटले आहे की, किंमत चलात ठेवताना जादा अंक सोडून द्यावेत. तरीही जीसीसी या प्रसिद्ध कंपायलरबद्दल २००० साली आलेल्या तक्रारीवर, दोष चिपचा की कंपायलरचा, हा वाद वर्षानुवर्षे चालला. ‘सी’साठी नियम पाळण्याची सोय २०१० च्या ४.५ या आवृत्तीत आली.

काही जण म्हणतील, सोळाव्या-सतराव्या अंकाची एवढी काय मातब्बरी? जानेवारी २०११ मध्ये असे आढळले की, २.२२५०७३८५८५०७२०११ × १०^-३०८ ही एकच संख्या वाचताना काही यंत्रांवर पीएचपी भाषा अखंड फेऱ्यांत अडकते. कारण हेच जादा अंक. दुरुस्ती काय, तर चलाची किंमत प्रत्येक वेळी स्मृतीत ठेवायला लावणारा एक शब्द!

म्हणून माझे मत असे : चूक लहान की मोठी हा प्रश्नच नाही. ती नियमाने होते का, हा प्रश्न आहे. नियमाने होणारी चूक आपण आधी जोखू शकतो. लहरीने होणारी नाही. गती थोडी कमी झाली तरी चालेल, पण नियम पाळण्याची जबाबदारी साधन घडवणाऱ्याचीच असावी. आजच्या ६४ बिटांच्या संगणकांत हा घोटाळा बराच कमी झाला आहे. पण गतीसाठी नियम बाजूला ठेवण्याची सोय कंपायलरांत आजही आहे.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग जरूर करावा. संगणकावर ०.१ दहा वेळा मिळवा आणि बेरीज १ शी ताडून पाहा. ‘डबल’मध्ये उत्तर येईल ०.९९९९९९९९९९९९९९९९. ते का, हे मुलांनाच शोधू द्या.